निष्कास नळी, नौकेवरील तापकाची

निष्कास नळी, नौकेवरील तापकाची : नौकेतील राहण्याची वा झोपण्याची खोली उबदार ठेवण्यासाठी जे तापक (हीटर) बसवितात, त्यांत इंधन जळून निर्माण होणारे वायू खोलीत न मिसळू देता थेट बाहेरच्या मोकळ्या हवेत सोडणाऱ्या नळीला निष्कास नळी म्हणतात. लाकूड वा दगडी कोळसा जाळणाऱ्या शेगडीच्या बाबतीत तिलाच धुराडे म्हणतात. विजेवर चालणाऱ्या तापकास अशी नळी लागत नाही. मात्र डीझेल, रॉकेल, द्रवरूप पेट्रोलियम वायू किंवा घन इंधन जाळणाऱ्या प्रत्येक तापकास ती आवश्यक असते. तापक बिघडल्यास खोली थंड पडते एवढेच. परंतु निष्कास नळीला गळती लागल्यास खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण जातात. त्यामुळे तिची निवड, मार्ग, सांधे व आधार यांचा विचार तापकाच्या इतर भागांच्या आधी करावा लागतो.

पूर्वपीठिका : नौकेवर अग्नी बाळगून त्याचा धूर बाहेर काढण्याचा प्रश्न वाफेच्या एंजिनाबरोबर मोठ्या प्रमाणावर पुढे आला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. पुढे कोकणच्या किनाऱ्यावर वाफेची जहाजे नियमित ये-जा करू लागली आणि मराठीत ‘आगबोट’ हा शब्द रूढ झाला. या जहाजांचे उंच धुराडे भट्टीला लागणारा वायूचा ओढा निर्माण करी व धूर उतारूंच्या डोक्यावरून दूर नेई. कोकणच्या उष्ण व दमट हवामानात खोली तापविण्याची गरज नसल्याने तेथील मचव्यांवर व यांत्रिक मच्छीमार नौकांवर निष्कास नळी आढळते ती एंजिनाची वा जनित्राची.

थंड प्रदेशातील नौकांची स्थिती वेगळी आहे. श्रीनगर येथील दाल सरोवरातील देवदारी लाकडाच्या हाउसबोटींत हिवाळ्यात लाकूड, कोळसा वा रॉकेल जाळणारी, लोखंडी पत्र्याची ‘बुखारी’ वापरतात व तिची पत्र्याची नळी छतातून वा भिंतीतून बाहेर काढतात. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांचा नौकेवरील तापकाशी संबंध बहुधा येथेच येतो. महासागरी पर्यटनाच्या लहान नौकांवर बंदिस्त ज्वलनकक्षाचे छोटे डीझेल तापक सर्रास बसविले जातात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून भारतीय नौदलातील दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात मुंबईहून मुंबईपर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरींचा मार्ग दक्षिण महासागराच्या थंड पट्ट्यातून जातो. भारतीय नौका थंड पाण्यांत जाऊ लागल्या असल्याने हा विषय आता केवळ परदेशी नौकाधारकांपुरता उरलेला नाही.

निष्कास वायू व त्यांपासूनचे धोके : इंधनातील कार्बन व हायड्रोजन यांचे पूर्ण ज्वलन झाल्यास कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. एक किग्रॅ. डीझेल जळल्यावर सु. १·२ किग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने निघते व त्या ज्वलनाला किमान सु. १४·५ किग्रॅ. हवा लागते. हवा कमी पडली, ज्योत थंड पृष्ठभागावर आदळली किंवा नळीत काजळी साचून मार्ग अरुंद झाला, तर ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो [→ कार्बन मोनॉक्साइड]. त्याला रंग, वास वा चव नाही. त्याची घनता हवेच्या घनतेच्या अगदी जवळची असल्याने तो तळाशी साचत नाही वा छताशीही जमत नाही. खोलीतील हवेत सर्वत्र मिसळून राहतो. निष्कास वायूंना येणारा वास त्यांतील इतर घटकांचा असतो. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे गळती नाही’ हा समज घातक आहे.

रक्तातील हीमोग्लोबिनाला कार्बन मोनॉक्साइडाचे आकर्षण ऑक्सिजनाच्या मानाने २०० ते २५० पट आहे. म्हणून हवेतील त्याचे अल्प प्रमाणही कालांतराने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता खालावते. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे ४०० भाग असल्यास एक-दोन तासांत डोके दुखू लागते. १,६०० भाग असल्यास सु. वीस मिनिटांत डोकेदुखी, भोवळ व मळमळ सुरू होऊन सु. दोन तासांच्या आत मृत्यू येऊ शकतो. १२,८०० भाग असल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो. घराच्या मानाने नौकेतील खोलीचे घनफळ फार लहान असते. थंडी, वारा व पाणी आत येऊ नये म्हणून तिच्या फटीही बुजविलेल्या असतात. त्यामुळे घरात कदाचित डोकेदुखीवर निभावली असती, अशी गळती नौकेत प्राणघातक ठरते.

दुसरा धोका आगीचा. डीझेल तापकातून निघणाऱ्या वायूंचे तापमान तापकाजवळ कित्येक शे अंश से. असू शकते. नळीलगतचे लाकूड दीर्घकाळ तापत राहिल्यास ते कोळशासारखे होत जाते व नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेटू शकते. काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या नौकेतील रेझीन त्याहूनही कमी तापमानाला नरम पडते. हाउसबोटी एकमेकींजवळ बांधलेल्या असल्याने एकीची आग दुसरीला सहज लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाल सरोवरात लागलेल्या आगीत पाच हाउसबोटी भस्मसात होऊन तीन पर्यटक मृत्युमुखी पडले.

तिसरा धोका पाण्याचा. निष्कास नळीचे बाहेरचे तोंड हे नौकेच्या बाजूला मुद्दाम पाडलेले भोक असते. नौका कलंडली वा लाट आदळली, तर त्यातून पाणी आत शिरून तापक निकामी होतो. आतील नळी सुटलेली असल्यास ते पाणी नौकेच्या तळात साचत जाते.

अपघातांपासून मिळालेला बोध : डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे ऊझ नदीवर बांधून ठेवलेल्या ‘डायव्हर्जन’ नावाच्या यांत्रिक नौकेत दोन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. डीझेल तापकाच्या निष्कास नळीचा सांधा निखळल्याने वायू खोलीत शिरले होते व नौकेत कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारे उपकरण नव्हते, असे ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेला आढळले. त्यापूर्वी १ एप्रिल २०१३ रोजी विंडरमीअर सरोवरावरील ‘आर्निस्टन’ या नौकेत एक स्त्री व तिची मुलगी अशाच विषबाधेने दगावल्या. तेथे वायू तापकाचे नसून पेट्रोलवर चालणाऱ्या सुवाह्य जनित्राचे होते. जनित्राला तात्पुरत्या स्वरूपात जुळविलेली निष्कास जोडणी सुटली होती. या दोन्ही अपघातांत यंत्र चालू होते व आपले काम करीत होते. दगा दिला तो सांध्याने. नौका एंजिनाने थरथरते, लाटांनी हेलकावते, आणि नळी प्रत्येक वेळी तापून लांबते व थंड होऊन आखडते. स्थिर इमारतीत वर्षानुवर्षे टिकणारा सैलसर सांधा नौकेवर टिकत नाही. म्हणून ज्योतीपासून मोकळ्या हवेपर्यंतचा संपूर्ण मार्ग सलग व वायुरोधक असावा आणि तो हालचालीतही तसाच राहावा, हे निष्कास नळीच्या उभारणीचे मूलतत्त्व मानले जाते.

प्रकार : ओढ्याच्या स्वरूपावरून दोन प्रकार पडतात. (१) नैसर्गिक ओढ्याच्या नळीत तप्त वायू हलके असल्याने आपोआप वर चढतात. ओढा नळीच्या उंचीवर व आतील-बाहेरील तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. नळी २ मी. उंच, आतील वायू २००° से. व बाहेरील हवा २०° से. असल्यास हा ओढा पाण्याच्या जेमतेम १ मिमी. उंचीच्या स्तंभाच्या दाबाएवढा भरतो. एवढासा ओढा वाऱ्याच्या झोताने वा खोलीतील पंख्याच्या चोषणाने उलटू शकतो. नौकेवर धुराडे आखूडच ठेवावे लागत असल्याने हा दोष विशेष जाणवतो. (२) प्रेरित ओढ्याच्या नळीत तापकातील विजेचा पंखा वायू ढकलतो. त्यामुळे नळी आडवी, वळणाची व लहान व्यासाची असली तरी चालते, सु. २ किवॉ. क्षमतेच्या तापकास सु. २४ मिमी. व्यासाची नळी पुरते. मात्र नळीतील दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने बारीक फटीतूनही वायू खोलीत ढकलले जातात.

मार्गाची निवड : नळी शक्य तितकी आखूड व सरळ असावी. तिची कमाल लांबी व वळणांची संख्या तापकाच्या निर्मात्याने ठरवून दिलेली असते. ती ओलांडल्यास वायूंना होणारा रोध वाढून ज्वलन बिघडते. झोपण्याच्या जागेतून, कपाटातून किंवा इंधनाची टाकी व नळ्या, विजेच्या तारा, गॅसचे नळकांडे, दोर व जीवरक्षक जाकिटे यांच्या लगतून नळी नेऊ नये. अपरिहार्य असल्यास तिच्याभोवती सच्छिद्र पत्र्याचे संरक्षण द्यावे. फळ्यांच्या मागे कायमची बंद होईल, अशा ठिकाणी सांधा ठेवू नये; प्रत्येक सांधा डोळ्याला दिसेल व हाताला लागेल अशा ठिकाणी हवा. ज्वलनास लागणारी हवा स्वतंत्र नळीने बाहेरून घ्यावी. तिचे तोंड निष्कास तोंडापासून इतके दूर असावे की, बाहेर टाकलेले वायू पुन्हा आत ओढले जाणार नाहीत.

सामग्री : नौकेवर तापकाच्या नळीसाठी अगंज पोलाद वापरतात. लवचिक नळी दुहेरी गुंडाळीची व नौकेवरील वापरासाठी बनविलेली असावी. साधे पोलाद खाऱ्या हवेत बाहेरून व आम्लयुक्त संघनित पाण्याने आतून गंजते. जस्तलेपित पत्रा अधिक तापल्यास त्यावरील लेप टिकत नाही. मोटारगाडीच्या तापकाबरोबर मिळणारे सायलेन्सर नौकेवर वापरू नयेत. त्यांचे पत्रे केवळ दुमडून जोडलेले असतात व पाणी निघून जाण्यासाठी काहींना बारीक भोकही असते. गाडीखाली मोकळ्या हवेत याने बिघडत नाही. परंतु नौकेत हे सायलेन्सर बंदिस्त जागेतच बसत असल्याने त्यातून गळणारा वायू सरळ खोलीकडे येतो. नौकेसाठी पूर्णपणे वितळजोडित, वायुरोधक सायलेन्सरच घ्यावा. रबरी वा प्लॅस्टिकची नळी तापकाच्या कोरड्या निष्कासासाठी मुळीच चालत नाही. एंजिनाच्या पाण्याने थंड केलेल्या निष्कासासाठी बनविलेली रबरी नळीही येथे वापरू नये.

सांधे व आधार : नळीचे टोक तापकाच्या किंवा सायलेन्सरच्या तोंडावर पूर्ण बसेपर्यंत सरकवावे. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून त्यांवर उच्च तापमान सहन करणारी निष्कास लुकण लावावी व नंतर नट-बोल्टाचा रुंद क्लँप आवळावा. पाण्याच्या नळीसाठी वापरतात तो पातळ पट्टीचा क्लँप तापल्यावर सैल पडतो. तो वापरू नये. क्लँपने नळी चेपून अंडाकृती होता कामा नये, कारण त्यामुळे फट बुजण्याऐवजी वाढते. केवळ लुकणीवर वा गुंडाळलेल्या पट्टीवर विसंबून सांधा करू नये. लुकण फट भरते, पकड देत नाही. घन इंधनाच्या धुराड्यात वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवावे, म्हणजे आतून ओघळणारे पाणी व डांबर सांध्यातून बाहेर येत नाही. प्रत्येक सांध्याला सभोवार समान अंतरावर किमान तीन स्क्रू मारावेत.

नळीचा भार सांध्यांवर पडू देऊ नये. तापकाच्या जवळ, प्रत्येक वळणाशी व सायलेन्सरच्या दोन्ही बाजूंना धातूच्या कड्यांनी ती नौकेच्या मजबूत फासळ्यांना वा आडपट्ट्यांना बांधावी. सायलेन्सरला स्वतंत्र आधार द्यावा. मात्र नळी दोन्ही टोकांना ताठ आवळून टाकणेही चूक होय. अगंज पोलादाची १ मी. लांबीची नळी ३००° से. ने तापली असता सु. ५ मिमी. लांबते. या वाढीला वाव नसेल, तर तिचा ताण नेमका सांध्यावर येतो. म्हणून एक टोक पक्के करून मधल्या कड्यांत नळीला थोडे सरकता येईल अशी व्यवस्था करतात किंवा मध्ये लवचिक तुकडा घालतात. हाताने धरून हलविली असता नळी डुलू नये व ओढली असता सांधा सरकू नये, ही बांधणीची साधी कसोटी आहे.

बाहेरचे तोंड : नौकेच्या बाजूतून नळी बाहेर काढण्यासाठी दुहेरी भिंतीचे अगंज पोलादी तोंड वापरतात. दोन भिंतींमधील हवेच्या थरामुळे नौकेच्या लाकडाला वा प्लॅस्टिकला उष्णता कमी पोहोचते. हे तोंड पूर्ण भारलेल्या व कलंडलेल्या नौकेतही पाण्याच्या पातळीच्या वर राहील इतके उंच असावे. आतील नळी तोंडापासून प्रथम उंच वर नेऊन हंसाच्या मानेसारखी वळवावी व मग तापकाकडे उतरवावी, म्हणजे आत आलेले पाणी त्या उंचीवरच अडते. या वळणाच्या तापकाकडील बाजूस संघनित पाणी साचते. ते काढण्यासाठी नळीला नुसते भोक पाडू नये. वायुरोधक पाणसापळा बसवावा व तो वेळोवेळी रिकामा करावा. खिडक्या, वायुवीजनाची भोके, इंधन भरण्याची जागा व टाकीची श्वासनळी यांपासून तोंड दूर असावे. नौकेच्या मागील बाजूस कनातीचे छत असल्यास त्याखाली वायू कोंडून आत येणार नाहीत, अशी जागा निवडावी. शेजारी दुसरी नौका बांधली गेल्यास वायू तिच्या खिडकीत जात नाहीत ना, हेही पाहावे लागते.

घन इंधनाचे धुराडे डेकमधून वर काढतात. त्या ठिकाणी धातूचे कडे बसवून नळी व लाकूड यांच्यात मोकळे अंतर राखतात. जुन्या लाकडी नौकांवर या कड्यात पाणी भरून ठेवण्याची युक्ती वापरीत. वर टोपी बसवून पावसाचे पाणी व उलट वारा अडवितात. नौका बंद करून जाताना टोपीवर कापडी वेष्टन घातल्यास शेगडी पुन्हा पेटविण्यापूर्वी ते न विसरता काढले पाहिजे.

उष्णतानिरोधन : खोलीतून जाणाऱ्या संपूर्ण नळीवर काचतंतूंचे वा खनिज लोकरीचे वेष्टन घालतात. त्यामुळे हात भाजत नाही व लगतचे भाग तापत नाहीत. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टसाचा दोर वापरीत. त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे गंभीर विकार होतात हे सिद्ध झाल्याने तो वापरू नये व जुना आढळल्यास हाताने उकलू नये. वेष्टनाखाली सांधा झाकला जातो. म्हणून सांध्यावरचे वेष्टन सोडविता येईल असे बांधावे. वेष्टनावर काजळीचा डाग दिसल्यास तेथे गळती आहे असे समजावे.

चाचणी व निगा : उभारणीनंतर नळी थंड असताना सांध्यांवर साबणाचे पाणी लावून व तापकाचा पंखा चालवून बुडबुडे येतात का ते पाहतात. नंतर तापक पूर्ण क्षमतेने चालवून खोलीतील कार्बन मोनॉक्साइड मापकाने मोजतात. ही चाचणी दारे-खिडक्या बंद व उघड्या अशा दोन्ही स्थितींत करतात. पहिल्या काही तासांच्या वापरानंतर क्लँप पुन्हा आवळणे आवश्यक असते. पुढे दर हंगामाच्या आरंभी व नौकेला जोराचा धक्का बसल्यास त्यानंतर संपूर्ण मार्ग तपासावा. काजळी काढावी व गंजलेला तुकडा डागडुजी न करता बदलावा. तापक सुरू होताना पांढरा धूर दीर्घकाळ येणे, काळी काजळी पडणे, आवाज बदलणे व ज्योत वरचेवर विझणे, ही नळी तुंबल्याची वा सुटल्याची लक्षणे होत.

झोपण्याच्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारे, नौकेसाठी प्रमाणित केलेले उपकरण बसवावे. ब्रिटनमधील अंतर्गत जलमार्गांवरील राहण्याच्या सोयी असलेल्या नौकांना एप्रिल २०१९ पासून ते आवश्यक करण्यात आले. या उपकरणाची संवेदनक्षमता कालांतराने संपते; त्यावर छापलेल्या मुदतीनंतर ते बदलावे. उपकरण हा शेवटचा पहारा आहे. वायुरोधक नळीची जागा ते घेऊ शकत नाही.

विषबाधेची लक्षणे व उपाय : डोकेदुखी, भोवळ, मळमळ, थकवा व गोंधळलेपणा ही प्रारंभीची लक्षणे समुद्र लागल्याच्या, तापाच्या वा मद्याच्या परिणामासारखी भासतात व त्यामुळे दुर्लक्षिली जातात. एकाच वेळी अनेकांना ती जाणवणे व मोकळ्या हवेत गेल्यावर उतार पडणे, ही विषबाधेची खूण होय. अशा वेळी सर्वांना तत्काळ बाहेर काढावे, जाता जाता शक्य असल्यास तापक बंद करून दारे उघडावीत व रुग्णास रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्‌वास द्यावा. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सु. सव्वा तास पुरतो. म्हणून बरे वाटू लागले तरी वैद्यकीय उपचार टाळू नयेत.

इतर उपयोग : वरील तत्त्वे नौकेपुरती मर्यादित नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागांत विहिरीची पाण्याची पातळी खोल गेली की, डीझेल पंपसंच विहिरीत खाली उतरवून बसवावा लागतो, कारण पंपाला पाणी सु. ७ मी. पेक्षा अधिक उंचीवर ओढून घेता येत नाही. विहीर ही नौकेच्या खोलीसारखीच बंदिस्त जागा असते. एंजिनाची निष्कास नळी काठाच्या वर न नेल्यास किंवा तिचा सांधा सुटल्यास आत उतरणारा माणूस व त्याला वाचविण्यास उतरणारा दुसरा असे दोघेही सापडतात. बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा पाणतापक व बंद खोलीत चालविलेले जनित्र यांचीही गोष्ट हीच. या सर्व ठिकाणी यंत्राची किंमत व क्षमता पाहिली जाते, नळीकडे शेवटी लक्ष जाते. प्रत्यक्षात ज्योत पेटविण्यापूर्वी धुराचा मार्ग ज्योतीपासून मोकळ्या हवेपर्यंत हाताने चाचपून पाहणे, ही पहिली पायरी ठरावी. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, इंधन, वायुवीजन].